बिऱ्हाड हलवताना : आधी शाळा बघा, मग खोली



मे महिना लागला की आपल्या बजाजनगरात टेम्पो दिसायला लागतात. वर गाद्या, कपाट, कूलर, गॅसची टाकी आणि सगळ्यात वर बसलेली दोन लेकरं. कुणी जालना, बीड, बुलढाणा, परभणीकडून पहिल्यांदाच येतं. कुणी रांजणगावातली खोली सोडून वडगावात जातं. कुणाची कंपनी बदलते, तर कुणाचा घरमालक भाडं वाढवतो. आपल्या भागात बिऱ्हाड हलवणं ही काही मोठी बातमी नाही.

पण यात एक गोष्ट राहून जाते. खोली बघताना आपण भाडं, डिपॉझिट, पाणी, लाईट सगळं विचारतो. "इथून शाळा कुठं आहे?" हे मात्र सामान लावून झाल्यावर विचारतो. तोपर्यंत जून उजाडलेला असतो. मग जी शाळा मिळेल ती, जी व्हॅन मिळेल ती. काही घरांत तर मुलाचं नाव गावाकडच्या शाळेत आणि मूल इथं खोलीत, असं सहा-सहा महिने चालतं. मुलगी जरा मोठी असेल तर धाकट्याला सांभाळायला ती घरी राहते, आणि "पुढच्या वर्षी घालू" म्हणता म्हणता तिची शाळा सुटते.

म्हणून या अंकाचा पाठ लहान मुलं असलेल्या घरानं राहायची जागा आणि शाळा कशी निवडावी, यावर आहे. पाठ बैठकीत मोठ्यानं वाचा. ज्यांना सध्या कुठं जायचं नाही त्यांनीही ऐका, कारण तुमच्या शेजारच्या खोलीत उद्या कुणीतरी नवीन येणारच आहे.

१. आपला परिसर आधी समजून घेऊ

वाळूज औद्योगिक वसाहत वाढली ती ऐंशीच्या दशकापासून. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, त्यामागून बाकीच्या कंपन्या आल्या, आणि कामगारांना राहायला बजाजनगर वसलं. बजाजनगरात आखलेले प्लॉट आणि रस्ते आहेत. पण इथं जागा आणि भाडं परवडेना, तशी वस्ती आजूबाजूच्या गावांत पसरली : रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, कमळापूर, घाणेगाव, वडगाव कोल्हाटी, पंढरपूर. एका बाजूला सिडकोचं वाळूज महानगरही आहे.

बाहेरून आलेल्या बाईला हे सगळं एकच "वाळूज" वाटतं. कागदावर मात्र तसं नाही. एखादा रस्ता ओलांडला की ग्रामपंचायत बदलते, आणि काही ठिकाणी तर तालुकाही बदलतो. रहिवासी दाखला, पाणी, कचरा, अंगणवाडी, जिल्हा परिषदेची शाळा, तक्रार करायचं पंचायत समितीचं ऑफिस, हे सगळं त्यावर ठरतं. म्हणून खोली बघायला गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा : "ही जागा कोणत्या ग्रामपंचायतीत येते, आणि तालुका कोणता?" घरमालकाला नक्की सांगता आलं नाही तर घरपट्टीची पावती दाखवा म्हणावं. त्यावर लिहिलेलं असतं.

२. घर आणि शाळा यांचं नातं

अमेरिकेसारख्या देशात बहुतेक ठिकाणी आपण कोणत्या भागात राहतो यावरूनच मुलाची सरकारी शाळा ठरते. त्यामुळं तिथले आईबाप आधी शाळा बघतात आणि मग त्या भागात घर शोधतात. आपल्याकडं इतकं बांधलेलं नाही, तरी घराच्या जवळची शाळा हा विचार आपल्या देशातही जुना आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगानं "शेजारशाळा" सुचवली होती : एका वस्तीतली सगळी मुलं, श्रीमंत-गरीब, कोणत्याही जातीची, एकाच जवळच्या शाळेत शिकावीत. या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक.

पुढं २००९ साली शिक्षणाचा हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. आपण त्याला आरटीई म्हणतो. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षण मिळालं पाहिजे, असं हा कायदा सांगतो. जवळची म्हणजे किती जवळची? महाराष्ट्राच्या नियमात पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर असं अंतर धरलेलं आहे.

हे आकडे खोली शोधताना आपल्याला उपयोगी पडतात. सहा वर्षांचं मूल दप्तर घेऊन एक किलोमीटर चालायला साधारण वीस मिनिटं घेतं. त्यापेक्षा लांब असेल तर रोज कुणालातरी पोचवायला जावं लागेल किंवा व्हॅन लावावी लागेल.

३. स्वस्त खोली खरंच स्वस्त आहे का?

एक हिशोब करून बघू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, तुम्ही तुमचे आकडे घाला.

समजा दोन जावा गावाकडून आल्या. दोघींना दोन-दोन मुलं. थोरलीनं वस्तीच्या पार टोकाला २,५०० रुपयांची खोली घेतली. धाकटीनं शाळेजवळ ३,५०० ची घेतली. सासूबाई म्हणाल्या, "थोरली शहाणी, महिन्याला हजार वाचवले."

आता थोरलीचा महिना बघा :
भाडं २,५००
मुलाच्या शाळेची व्हॅन ८००
प्यायच्या पाण्याचा जार, रोज एक, २० रुपयांप्रमाणं ६००
मोटारसायकलचं पेट्रोल ७००
एकूण ४,६०० रुपये.

धाकटीचा महिना :
भाडं ३,५००
व्हॅन नाही, मूल चालत जातं
नळाचं पाणी येतं, अधूनमधून जार १००
पेट्रोल ३००
एकूण ३,९०० रुपये.

म्हणजे धाकटीचे महिन्याला ७०० आणि वर्षाला ८,४०० रुपये वाचले. शिवाय शाळा जवळ असल्यामुळं तिला सकाळी दीड-दोन तास मोकळे मिळाले. त्या वेळात ती शिलाई करेल, डबे करेल, नाहीतर पहिल्या शिफ्टला कामावर जाईल. हा वेळ भाड्याच्या हिशोबात कुठंच दिसत नाही, पण तोही पैसाच आहे.

दरवेळी जवळचीच खोली स्वस्त पडेल असं नाही. काही वेळा लांबची खोलीही परवडते, कारण कंपनीची बस तिथून जाते किंवा आजी सोबत असते. मुद्दा एवढाच की बेरीज पूर्ण करा आणि मगच ठरवा. गटाचा हिशोब आपण जसा पै-पैचा लिहितो तसाच हाही वहीत लिहा.

४. खोली बघायला दोनदा जा

एकदा दुपारी जाऊन खोली ठरवू नका. दुपारी सगळ्याच गल्ल्या शांत असतात. एकदा सकाळी सात-साडेसातला जा आणि एकदा संध्याकाळी अंधार पडल्यावर जा. दोन्ही वेळा मुलाला सोबत घ्या आणि खोलीपासून शाळेपर्यंत त्याच्या पावलानं चालून बघा.

चालताना हे बघायचं :

मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? अहिल्यानगरकडं जाणाऱ्या हमरस्त्यावर आणि कंपन्यांच्या रस्त्यांवर शिफ्ट सुटताना ट्रक, बस, मोटारसायकली एकदम बाहेर पडतात. शाळेची वेळ आणि शिफ्टची वेळ एकच येत असेल तर लहान मुलाला एकट्याला पाठवता येणार नाही.

रस्त्यावर लाईट आहे का? उघडं गटार, झाकण नसलेला खड्डा, मोकाट कुत्री, दारूचं दुकान वाटेत आहे का?

पाणी किती दिवसांनी येतं आणि कोणाचं येतं : एमआयडीसीचं, ग्रामपंचायतीचं, बोअरचं की टँकरचं? हे घरमालकाला विचारू नका, शेजारच्या बाईला विचारा. उन्हाळ्यात काय होतं तेही विचारा.

संडास किती खोल्यांत मिळून एक आहे? कडी आतून लागते का? रात्री मुलीला एकटीला जाता येईल का?

कंपनीचा धूर किंवा वास रात्री खोलीपर्यंत येतो का? मुलाला दम्याचा त्रास असेल तर हे आवर्जून बघा.

लाईटचा सब-मीटर आहे का, युनिटला किती रुपये लावतात?

खोली पसंत पडली की भाडेकरार करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. "तोंडी चालतं, सगळे असंच राहतात" असं घरमालक म्हणतील. पण पुढं शाळेच्या आरटीई प्रवेशाला, गॅसला, बँकेला हाच कागद लागतो. याच कायद्याच्या कलम २९ प्रमाणं घरमालकाला भाड्याच्या वादातून तुमचं पाणी किंवा लाईट तोडता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

५. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी : अंगणवाडी

शाळेआधी अंगणवाडी शोधा. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, म्हणजे ती आपल्यातल्या बऱ्याच जणींपेक्षा वयानं मोठी आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथं गरम ताजा आहार आणि पूर्वशालेय शिक्षण मिळतं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना, गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला घरी न्यायचा आहार मिळतो. वजन-उंची आणि लसीकरणाचा पाठपुरावाही तिथं होतो.

बिऱ्हाड हलवायच्या आधी जुन्या सेविकाताईंना सांगा, "आम्ही अमुक ठिकाणी जातोय." आता नावं पोषण ट्रॅकरवर असतात, त्यामुळं तुमची नोंद नव्या अंगणवाडीत नेता येते. न सांगता निघालात तर नाव जुन्या ठिकाणीच अडकतं आणि नवीन ठिकाणी आहाराला अडचण येते. आधार आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबर चालू ठेवा.

माता-बाल संरक्षण कार्ड, म्हणजे लसीचं कार्ड, सामानाच्या बोचक्यात टाकू नका, पर्समध्ये ठेवा. दीड-दोन वर्षाला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि पाच-सहा वर्षाला डीपीटीचा बूस्टर असतो. घर बदलण्याच्या गडबडीत नेमके हेच डोस चुकतात. एखादा चुकला असेल तरी घाबरू नका. नव्या ठिकाणच्या आशाताईंना कार्ड दाखवा, त्या पुढची तारीख सांगतील. सरकारी केंद्रात या लसी मोफत आहेत.

दोघंही कामाला जात असाल तर पाळणाघर किंवा सांभाळणारी बाई शोधण्याआधी कंपनीत पाळणाघर आहे का ते विचारा. आणि पगारातून ईएसआयसी कापलं जात असेल तर नव्या पत्त्याजवळचा दवाखाना लावून घ्या. आजारी मुलाला घेऊन जुन्या दवाखान्यात जायची वेळ येऊ नये.

६. शाळा कशी बघायची?

जिल्हा परिषदेची, अनुदानित खाजगी आणि विनाअनुदानित खाजगी, अशा तीन तऱ्हेच्या शाळा आपल्या भागात सापडतात. पाटीवर "इंग्लिश स्कूल" लिहिलंय म्हणून ती चांगली आणि जिल्हा परिषदेची म्हणून ती वाईट, असं समजू नका. उलटंही समजू नका. स्वतः जाऊन बघा.

पहिलं, मान्यता. कायद्याच्या कलम १८ प्रमाणं मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. चालवली तर एक लाखापर्यंत दंड आणि पुढं चालू ठेवली तर रोजचा दहा हजारांपर्यंत दंड आहे. तरीही दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत शाळा सुरू झालेल्या दिसतात. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा आकडी यू-डायस नंबर असतो, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. ऑफिसात सरळ विचारा, "तुमचा यू-डायस नंबर सांगा, आणि कितवीपर्यंत मान्यता आहे?" मान्यता पाचवीपर्यंतच असेल तर सहावीला पुन्हा शाळा बदलावी लागणार. मान्यताच नसेल तर पुढं दाखल्याला त्रास होणार.

दुसरं, वर्ग. पहिली ते पाचवीला साधारण ३० मुलांमागं एक शिक्षक असावा असं कायद्यात आहे. मुलामुलींचे वेगळे संडास, प्यायचं पाणी, कुंपण असायला हवं. संडासाला कुलूप आहे का तेवढं आवर्जून बघा. पुष्कळ ठिकाणी संडास असतो आणि किल्ली ऑफिसात असते. मुलींच्या गैरहजेरीचं हे एक कारण आहे.

तिसरं, शिकवणं. शिक्षकांना हा प्रश्न विचारा : "माझं मूल दुसरीत आहे पण वाचायला मागं आहे. तुम्ही काय कराल?" चांगले शिक्षक याचं नीट उत्तर देतात. "ट्यूशन लावा" एवढंच उत्तर आलं तर समजून घ्या.

चौथं, भाषा. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला एकदम इंग्रजीत घातलं आणि घरी मदत करायला कुणी नसलं, तर ते मूल वर्गात गप्प बसतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही निदान पाचवीपर्यंत शक्य तिथं मातृभाषेतून शिकवावं असंच म्हटलंय. सेमी-इंग्रजी हा मधला रस्ता बऱ्याच शाळांत आहे. इंग्रजी माध्यमात घालायचंच असेल तर दरवर्षी माध्यम बदलू नका. माध्यम सारखं बदललं की मुलाची दोन्ही भाषांची पकड ढिली होते.

पाचवं, पैसे. महिन्याची फी विचारू नका, वर्षाचा पूर्ण आकडा विचारा : प्रवेश, टर्म फी, पुस्तकं, गणवेश, बूट, व्हॅन, स्नेहसंमेलन. लेखी घ्या आणि प्रत्येक पैशाची पावती घ्या. प्रवेशासाठी डोनेशन घेणं कायद्यात बसत नाही. लहान मुलाची किंवा आईबापाची परीक्षा, मुलाखत घेऊन प्रवेश नाकारणंही बसत नाही. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पोषण आहार आहे, पुस्तकंही मोफत आहेत. हे वाचणारे पैसेही तुमच्या हिशोबात धरा.

मूल अपंग असेल तरी हेच सगळे प्रश्न, आणि त्यात रॅम्पचा आणि विशेष शिक्षकांचा प्रश्न जोडा. "आमच्याकडं सोय नाही" म्हणून शाळेला त्याला परत पाठवता येत नाही.

७. वर्षाच्या मध्ये आलात तर?

हा भाग नीट ऐका, कारण यातच सगळ्यात जास्त मुलं सुटतात.

ठेकेदारानं काम दिलं आणि ऑक्टोबरमध्ये यावं लागलं. शाळा म्हणते, "आता प्रवेश बंद, जूनमध्ये या." किंवा म्हणते, "आधी टी.सी. आणा." गावाकडच्या शाळेचा दाखला आणायचा म्हणजे दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं. मग राहूनच जातं.

कायदा काय सांगतो ते पाठ करून ठेवा :

कलम ५ : मुलाला एका शाळेतून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचा हक्क आहे. जुन्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा. आणि दाखला यायला उशीर झाला तरी त्या कारणानं नव्या शाळेनं प्रवेश अडवायचा नाही.

कलम १४ : वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

कलम १५ : प्रवेशाची मुदत संपल्यावर आलेल्या मुलालाही नाकारता येत नाही.

कलम ४ : मूल मागं राहिलं असेल तरी त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागं पडलेलं भरून काढायला खास शिकवणी द्यायची.

तरीही शाळा ऐकत नसेल तर भांडण न करता एका कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती करा आणि एका प्रतीवर पोच घ्या. लेखी अर्ज बघितला की पुष्कळदा काम होतं. नाही झालं तर केंद्रप्रमुख, आणि त्यानंतर पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. एकटी जाऊ नका, गटातल्या दोघींना सोबत न्या. मूल शाळाबाह्य असेल किंवा कामाला लावलेलं दिसलं तर १०९८ हा नंबर आहे.

आता दुसरी बाजूही बघू. वार्षिक परीक्षेला दोन महिनेच राहिले असतील, गावी आजी-आजोबा धडधाकट असतील आणि मूल तिथं खुश असेल, तर तेवढे दोन महिने त्याला तिथं ठेवणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण तारीख ठरवून ठेवा. "बघू पुढं" म्हटलं की दोन महिन्यांचे दोन वर्षं होतात. मुलाचं नाव जिथं असेल तिथं मूल असावं, किंवा मूल जिथं असेल तिथं त्याचं नाव असावं. हे दोन्ही वेगवेगळ्या गावात राहता कामा नये.

८. आरटीईच्या २५ टक्के जागा

विनाअनुदानित खाजगी शाळांना सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. या मुलांची फी आईबापाला भरायची नसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला होता, की जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागा द्यायची गरज नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला.

यात बिऱ्हाड हलवणाऱ्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, शाळा जूनला सुरू होत असली तरी ऑनलाईन अर्ज त्याच्या काही महिने आधी निघतात. त्यामुळं मे महिन्यात येऊन उपयोग नाही. दोन, घरापासून शाळेचं अंतर बघितलं जातं, म्हणून अर्जात घराची जागा नकाशावर बरोबर दाखवा. तीन, भाड्यानं राहत असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, आणि तो अर्जाच्या आधीच्या तारखेचा हवा. जातीचा दाखला किंवा एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला हेही आधीच काढून ठेवा. गावाकडून काढायचे असतील तर दिवाळीला गेल्यावरच काढा.

९. निघण्याआधीची पिशवी

एक प्लास्टिकची पिशवी करा आणि ती टेम्पोत न टाकता हातात ठेवा. त्यात :

मुलांचे जन्मदाखले आणि आधार, लसीचं कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या वर्षीचं प्रगतीपत्रक, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, बँक आणि गटाचं पासबुक, भाडेकरार, दोन-दोन फोटो.

रेशन कार्ड इकडं बदलून आणायची घाई नाही. वन नेशन वन रेशन कार्डमुळं अंगठा लावून इथल्या दुकानातूनही धान्य घेता येतं. घरची निम्मी माणसं गावी असतील तर तेही आपल्या वाट्याचं तिकडं घेऊ शकतात.

गटातून जाताना बचतीचा आणि अंतर्गत कर्जाचा हिशोब बैठकीत पूर्ण करा आणि ठरावात लिहून घ्या. डिपॉझिटसाठी पैसे लागत असतील तर सावकाराकडं जाण्याआधी गटात मागा. दहा हजारांवर शेकडा एकच्या दरानं महिन्याला शंभर रुपये व्याज होतं, शेकडा पाचनं पाचशे. डिपॉझिट तर घरमालकाकडं पडूनच राहतं, त्यावर सावकाराचं व्याज कशाला भरायचं?

१०. बैठकीत करायचा उपक्रम

या महिन्याच्या बैठकीत अर्धा तास काढा.

एक मोठा कागद घेऊन आपल्या वस्तीचा नकाशा काढा. त्यावर अंगणवाडी, शाळा, दवाखाना, रेशन दुकान, पाण्याची टाकी, ट्रकचा रस्ता आणि अंधार असलेली जागा दाखवा. ज्यांची मुलं शाळेत जातात त्यांनी आपापल्या शाळेबद्दल तीन वाक्यं सांगा : काय चांगलं आहे, काय कमी आहे, वर्षाला किती खर्च येतो. सचिवताईंनी ते लिहून घ्यायचं.

मग आपल्या गल्लीत गेल्या सहा महिन्यांत नवीन कोण आलं त्याची यादी करा. त्यांच्या घरी ३ ते १४ वयाची किती मुलं आहेत आणि त्यातली किती शाळेत किंवा अंगणवाडीत जात नाहीत? प्रत्येक घरी दोघी-दोघी जा. नवीन आलेल्या लेकीसुनेची आपण ओटी भरतो, तशी तिला माहितीही द्या. शाळेचा पत्ता, सेविकाताईंचं नाव, पाणी यायची वेळ, आणि "चल, उद्या मी येते तुझ्यासोबत शाळेत" एवढं एक वाक्य.

आणि एक शेवटचं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. आपलं मूल ज्या शाळेत जातं तिथं पालकसभा कधी आहे ते विचारून या. संडासाची किल्ली कुठं असते हा प्रश्न तिथंच विचारता येतो.

ज्या मुलांची नावं यादीत शाळाबाह्य म्हणून येतील ती पुढच्या बैठकीच्या आत माझ्याकडं द्या. आपण मिळून त्या शाळांत जाऊ.

– तुमची क्षेत्र समन्वयक, बजाजनगर